शिआनच्या गल्लीत माझा बहिरा कान

आमच्या प्लांटमध्ये नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात — कागदावर नाही ते घडलंच नाही. मी आयर्लंडमध्ये कॉर्कजवळच्या एका औषध कंपनीत व्हॅलिडेशनला आहे, बारा वर्षं हेच करतेय. मशीन म्हणतं अमुक झालं, मी म्हणते पुरावा दाखव. त्यामुळे या ग्रुपवरचे चमत्कारिक अनुभव मी आजवर चहात खारी बुडवत, थोडं हसतच वाचले. माफ करा, पण खरं ते सांगतेय. आज स्वतःचा अनुभव लिहायला बसलेय आणि हातात पुरावा एकही नाही.

आधी माझ्या कानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर डाव्या कानाने ऐकू येणं बंद. ताप नाही, सर्दी नाही, काही नाही. स्टेरॉइड झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी इथल्या ऑडिओलॉजिस्टने सांगितलं की नस गेलीय, हा कान आता परत येणार नाही. एका कानावर माणसाचं भागतं, पण एक गोष्ट जाते जी कुणाच्या लक्षातही येत नाही — दिशा. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. घरात फोन वाजला की मी स्वयंपाकघरातलं प्रत्येक प्रेस, म्हणजे कपाट, उघडून बघते, आणि तो असतो सोफ्यावर. कुणी हाक मारली की मी भिंगरीसारखी गोल फिरते. नवरा, निखिल, सुरुवातीला हसायचा. नंतर तो हाक मारायचंच सोडून सरळ समोर येऊन उभा राहायला लागला.

मागच्या हिवाळ्यात बाबा अकोल्याहून आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच वारी. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. एक दिवस जेवताना म्हणाले, "तो चिनी भिक्षू पायी आला वं आपल्याकडे, पोथ्या घेऊन वापस गेला. तीस वर्षं पोरायले शिकवलं मी थे. गाव काई पाह्यलं नाई त्याचं."

निखिलने त्याच रात्री लॅपटॉप उघडला. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं चीनमध्ये, त्या भिक्षूच्या शिआनमध्ये होतो.

काय सांगू त्या शहराबद्दल! जुन्या शहराभोवती अख्खी तटबंदी अजून उभी आहे, आणि ती इतकी रुंद की वर लोक सायकली चालवतात. बाबा चालत निघाले. दोन बुरूज झाले की थांबायचे, दगडावर हात ठेवायचे. थंडी उणे पाच-सहा. दुसऱ्या दिवशी त्या भिक्षूने आणलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला विटांचा मनोरा पाहिला. बाबा पायऱ्यांशी उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली.

आणि खाणं! तिथे पट्ट्यासारख्या रुंद शेवया मिळतात. पीठ हाताने ताणून ओट्यावर आपटतात... ब्यांग, ब्यांग... आणि या आवाजावरूनच त्या पदार्थाचं नाव पडलंय म्हणे. वर तिखट, लसूण घालून त्यावर कडकडीत तेल ओततात. चर्रर्र झालं तसे बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "हे तं आपली फोडणी होय वं! अन् ह्या आपल्या वरणातल्या चकोल्या!" बाबा शाकाहारी, त्यामुळे भाज्या घातलेला वाडगा मागवला. सलग तीन दिवस त्यांनी तेच खाल्लं. शेवया बनवणारा माणूस त्यांना ओळखायला लागला होता.

चौथ्या दिवशी सकाळी बर्फ पडला.

आम्ही ढोल-मनोऱ्यामागच्या बाजारात होतो. सकाळचे अकरा वाजत आले असतील. दोन्ही बाजूंना दुकानं, वाफा, जिऱ्याचा वास, तुफान गर्दी. निखिल भाकरीत भरलेल्या मटणाच्या रांगेत. मी एका बाईकडून पर्सिमॉन फळाच्या गरम टिकिया घेत होते. बाबा माझ्या उजव्या हाताला... माझ्याबरोबर चालणारं माणूस नेहमी उजवीकडेच असतं. मी टिक्की पुढे केली — "बाबा, हे गोड आहे, अर्धीच घ्या" — आणि तिथे बाबा नव्हते.

पहिली पाच मिनिटं काही वाटलं नाही. असतील पुढे, काहीतरी बघत. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता, फोटो काढायला मीच घेतला होता. मग निखिल रांग सोडून आला. आम्ही बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलो. त्यांचा फोटो दुकानदारांना दाखवला. शेवयावाल्याकडे धावले, त्याने मान हलवली. चौकीतल्या पोलिसाने फोटो घेतला, वायरलेसवर काहीतरी बोलला, आम्हाला बसायची खूण केली. कोण बसणार? चाळीस मिनिटं झाली होती. रक्तदाबाची गोळी, उणे सहा तापमान, भाषेचा एक शब्द येत नाही... मी रस्त्यात उभी राहून "बाबाऽऽ" ओरडत होते आणि लोक बाजूने वाट काढत होते.

"आपण वेगवेगळं शोधू," निखिल म्हणाला. "तू इथेच थांब, मी मागच्या गल्ल्या —"

आणि मला ते ऐकू आलं.

धप्. धप्. जड, ओलं काहीतरी लाकडावर आपटावं तसं. ब्यांगवालं पीठ, असंच पहिल्यांदा वाटलं. पण मी जागच्या जागी थिजले, कारण तो आवाज डावीकडून येत होता.

म्हणजे कसं सांगू... चार वर्षं माझी डावी बाजू म्हणजे भिंत होती. त्या भिंतीत कुणी अचानक खिडकी उघडावी तसं झालं. बाजाराचा सगळा कलकलाट नेहमीसारखा उजव्या कानात कोंबलेला, आणि डाव्या कानात फक्त तो एक आवाज. स्वच्छ. लांब. आणि त्याला दिशा होती!

सवय जात नाही. मी तपासून बघितलं. उजव्या कानावर हात दाबला — बाजार विझला, धप्-धप् चालूच. डाव्या कानावर दाबला — धप्-धप् बंद, बाजार चालू. पुन्हा केलं. तेच.

"निखिल, पीठ आपटल्याचा आवाज येतोय?"

"कुठे?"

"तिकडून. डावीकडून."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. "मृणाल, तुला दिशा कळत नाही गं. आणि मला काहीही ऐकू येत नाहीये."

"मला येतंय. चल."

मी निघाले. तो मागून आला, बहुतेक मला एकटीला सोडायला नको म्हणून. बाजार संपला, राहत्या वस्तीच्या गल्ल्या लागल्या. एका तिठ्यावर मी उजवीकडे चार पावलं गेले, तर आवाज मंद झाला. मागे फिरले, मोठा झाला. मग डावी गल्ली, मग एक बोळ, मग परत डावी. बर्फावर आमच्या बुटांचा करकर आवाज आणि तो. मला भीती वाटत नव्हती. खरंच नाही. देवळात गाभाऱ्याकडे जाताना आपोआप पावलं हळू पडतात ना, तसं काहीतरी होत होतं, फक्त मी जवळजवळ धावत होते.

आवाज एका बंद दुकानापाशी आला. शटर खाली, पायरीवर कुणाचं पाऊल न उमटलेला बर्फ. आत कुणी असणं शक्यच नव्हतं. दुकानाच्या अंगाला हातभर रुंदीची फट होती. मी तिच्यात शिरले, आणि त्या क्षणी आवाज थांबला. खिडकी बंद झाली. डावीकडे पुन्हा भिंत.

मागे लहानसं अंगण होतं. बाबा गोठलेल्या पाण्यावर कुशीवर पडले होते. एक पाय विचित्र वळलेला, टोपी लांब उडालेली, ओठ निळे. बाथरूम शोधत शोधत आत आले आणि घसरले होते.

"बाबा!"

त्यांचे ओठ हलले. आवाज असा नव्हताच. मी उजवा कान अगदी तोंडाशी नेला तेव्हा कळलं — "आली का वं."

निखिलने कोट काढून त्यांच्यावर घातला आणि ओरडायला लागला. शेजारच्या दारातून जाड कोट घातलेली एक बाई आली. तिने बघितलं, आत पळाली, गोधडी घेऊन आली, मग गरम पाण्याची बाटली. ॲम्ब्युलन्स तिनेच बोलावली. ती येईपर्यंत ती बाई बाबांचे तळवे चोळत बसली होती. निखिलने फोनवर भाषांतर करून तिला विचारलं, या दुकानात आत्ता कुणी शेवया करत होतं का? ती म्हणाली, उन्हाळ्यापासून बंद आहे. आणि इथे शेवया नाही, छत्र्या दुरुस्त करायचे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून अर्धा तास त्या थंडीत गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तिसऱ्या दिवशी बाबा उशाला टेकून बसले, सूप प्याले, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिथे पडला होतात तेव्हा जवळपास काही आपटल्याचा आवाज येत होता?"

"नाई वं. लय सुमसाम होतं. कान जमिनीले लागलेला माह्या, तं माह्याच छातीचं धडधड ऐकू येऊन राह्यलं होतं. धप्-धप्, धप्-धप्. म्हटलं, हे चालू हाय तंवर आपण हावो."

निखिल खिडकीशी उभा होता. तो वळला. मी बाबांना काही सांगितलं नाही, तेव्हा नाही.

कॉर्कला परतल्यावर पुन्हा ऑडिओलॉजिस्टकडे गेले. निवृत्तीला आलेला शांत आयरिश माणूस आहे. काचेच्या खोलीत अर्धा तास टेस्ट घेतली. आलेखावर डाव्या कानाची रेघ होती तिथेच, तळाला. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ताण, भास, असं काहीतरी म्हणतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुझे वडील आता ग्रँड आहेत ना?" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक. हो म्हटलं. "मग मी फॉर्मवर 'बदल नाही' एवढंच लिहितो. बाकीच्यासाठी माझ्याकडे रकाना नाही."

माझ्याकडेही नाही. बहिऱ्या कानात मेंदू आवाज तयार करतो, हे वाचलंय. ठीक आहे. पण मेंदूला ती गल्ली कशी माहीत? आणि भास असेल तर तिठ्यावर चुकीकडे वळल्यावर तो मंद का झाला? मी हे सगळं क्रमाने लिहून काढलंय, कितीदा तरी. कुठेच जुळत नाही. जे कळलं नाही ते कळलं नाही, असं म्हणण्यापर्यंत आता आले आहे.

बाबा सध्या अकोल्याला आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांना शेवटी सांगितलं, गेल्या रविवारी, फोनवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फोन त्या कानाले लाव बरं."

मी डाव्या कानाला लावला. ते काहीतरी बोलले असतील, बराच वेळ बोलले असतील. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. फोन कानावरून काढावासा वाटला नाही.