पू हानच्या नऊ माळा

गाइड विलायची छत्री होड्यांच्या सगळ्या धक्क्यावर ओळखीची होती. पिवळी, एक काडी मोडलेली, दांड्याला केस बांधायचं रबर गुंडाळलेलं. ती उंच धरून विलाय गेली वीस-बावीस वर्षं परदेशी पाहुण्यांना बँकॉक दाखवत होती. सकाळी पहुडलेल्या बुद्धाचं देऊळ, मग नदीपलीकडचं चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं देऊळ, दुपारभर थोनबुरीचे कालवे आणि शेवटी फुलबाजार. कुठल्या पायरीवर पाहुण्याला धाप लागते आणि कुठल्या वळणावर त्याची बायको त्याच्यावर चिडते, हे तिला पाठ झालं होतं. बाई बडबडी, चांगलीच भांडखोर, पण गल्लीत कुणाचं अडलं की सगळ्यांत आधी हजर. नवरा सोडून गेला तेव्हा तिने रडत बसण्याऐवजी घराला रंग काढला होता. एवढी खमकी बाई, पण एप्रिल महिना आला की तिचे हातपाय गळायचे.

कारण एप्रिलात चिठ्ठ्या निघतात. एकवीस वर्षांच्या पोरांनी पेटीत हात घालायचा. काळी चिठ्ठी आली तर घरी, लाल आली तर पलटणीत. विलायचा धाकटा भाऊ लाल चिठ्ठी घेऊन गेला आणि दक्षिण सीमेवरून झेंड्यात गुंडाळून परत आला. पेटीपर्यंत त्याचा हात धरून नेलं होतं ते विलायनेच. आता तिचा एकुलता एक तोन एकवीस वर्षांचा झाला होता.

"तू येऊ नकोस, आई," तोनने सकाळी बूट घालता घालता बजावलं. "मामाचं सांगून सांगून तू मलाच घाबरवशील. कामावर जा. झालं की फोन करतो."

म्हणून ती कामावर आली. पाहुणे होते बेल्जियमचे, लुक आणि मार्लीन, दोघंही शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले. लुकच्या गळ्यात कॅमेरा आणि मार्लीनच्या तोंडात प्रश्न. आणि होडी होती खामपूनची.

खामपून इसानकडची, ईशान्येच्या कोरड्या मुलखातली. नवरा आणि पोरगा घेऊन ती बँकॉकला आली तेव्हा विलायनेच तिला आपल्या घरामागची खोली दिली. तिच्या फूमला इथल्या शाळेत घेईनात, तर विलायने भांडून त्याचं नाव आपल्या घराच्या नोंदीत चढवलं. फूम आणि तोन एका ताटात जेवून वाढले. आणि त्या नोंदीमुळेच आज दोघं एकाच पेटीपुढे, एकाच रांगेत उभे होते. आधी फूम आणि त्याच्या मागे तोन.

"पी विलाय, काही खाल्लंस का?" खामपूनने होडी सोडता सोडता विचारलं. विलाय मोठी, म्हणून ती तिला नेहमी 'पी' म्हणायची. "चिकट भात आणलाय. मासळीची चटणीपण आहे."

"तुझ्या त्या चटणीचा वास पाहुण्यांना आला तर उड्या मारतील पाण्यात."

"मारू देत. मी काढीन बाहेर. तू दोन घास खा."

"घशाखाली उतरत नाही गं."

"माझंही तेच," खामपून म्हणाली आणि हसली. "पण बरं झालं, दोघं एकत्र आहेत. एकमेकांना धीर तरी देतील."

विलायने मान हलवली. खरं सांगायचं तर तिला ते अजिबात बरं वाटत नव्हतं. सकाळपासून तिने दिसेल त्या देवाला साकडं घातलं होतं. पहुडलेल्या बुद्धाच्या पावलांपाशी, नदीकाठच्या वडाला बांधलेल्या रंगीत फडक्यांपाशी, होडीच्या नाकाडावरच्या फुलांपाशीसुद्धा. तोनला काळी येऊ दे. बाकी काही नको. मार्लीनने विचारलंच, "तुम्ही सारखं काय मागता?"

"पाऊस पडू नये म्हणून," विलाय म्हणाली. आभाळ तर पितळेसारखं तापलं होतं.

दुपारी चिठ्ठ्या सुरू झाल्या. तोनचा निरोप आला की स्वतःहून भरती होणारे फारच थोडे निघाले, म्हणजे पेटीत लाल चिठ्ठ्या जास्त. मग दुसरा आला: "आई, सगळ्यांना काळ्याच येतायत!" विलायला आधी हायसं वाटलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. लाल चिठ्ठ्यांचा आकडा ठरलेला असतो. पुढच्यांनी काळ्या नेल्या म्हणजे मागच्यांसाठी पेटीत लालच उरणार. तोन तर पार शेवटी होता. आता त्याच्या पुढच्यांपैकी जेवढे लाल काढतील, तेवढं त्याचं भलं. आणि त्याच्या अगदी पुढे फूम होता.

नेमकं त्याच वेळी मार्लीनने काठाकडे बोट दाखवलं. "ते कोंबड्यांचं देऊळ! थांबू या ना!"

ते पू हानचं ठाणं होतं. पू हान म्हणजे त्या कालव्याचा राखणदार आजोबा, कुठल्याशा जुन्या लढाईत पडलेला शिपाई. त्याच्यापुढे मातीच्या कोंबड्यांची नि लाकडी तलवारींची रांग लागलेली असते. धंदा मागा, बरकत मागा, हरवलेली म्हैस मागा, तो देतो. पण शिपायापुढे शिपाईगिरीतून सुटका मागायची नाही. ज्याच्यासाठी मागाल त्याला तो हमखास लाल चिठ्ठी देतो. हे थोनबुरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खामपूनला मात्र नव्हतं. घरात एकवीस वर्षांचा पोरगा झाला की थोरली बाई हे कानात सांगते, आणि खामपूनच्या घरची थोरली बाई म्हणाल तर विलायच होती. महिनाभर ती सांगणार होती. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

विलायने पाहुण्यांना कोंबड्या मोजायला लावलं आणि एकटी आत गेली. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तिने उदबत्त्या पेटवल्या, गुडघे टेकले आणि हळू पण स्पष्ट बोलली, कारण नवसाला नावगाव नीट सांगावं लागतं.

"पू हान, खामपूनचा मुलगा फूम, माझ्याच घरात राहतो. त्याला काळी चिठ्ठी येऊ दे. आली तर मोगऱ्याच्या नऊ माळा वाहीन."

उदबत्ती रोवताना बोटाला चटका बसला. बाहेर येऊन ती पाहुण्यांना मागच्या धक्क्यावर घेऊन गेली आणि माशांना पाव टाकायला लावले. पाव तोडताना तिने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

पुढे कालव्याचं दार लागतं. होडी आत घ्यायची, मागचं दार बंद होतं आणि पुढचं उघडेपर्यंत पाणी चढायची वाट पाहत बसायचं. खामपूनने इंजिन बंद केलं. इतका वेळ त्या आवाजात बोलता येत नव्हतं. ती मागून पुढे येऊन विलायजवळ उकिडवी बसली आणि तिने दोन्ही हात कपाळाशी नेऊन जोडले.

"हे काय?" विलाय दचकली.

"मी ऐकलं, पी विलाय. लुकसाहेबांची टोपी राहिली होती, ती द्यायला आले तर तू आत बोलत होतीस. आजच्या दिवशी आपलं सोडून तू माझ्या फूमसाठी मागितलंस." खामपूनचे डोळे भरून आले होते. "कोण करतं गं एवढं? माझ्या सख्ख्या बहिणीने साधा फोन केला नाही."

विलायला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिथे जमीन नव्हती, नुसतं पाणी होतं.

"मग मीपण तेच केलं," खामपून डोळे पुसत म्हणाली. "तू माशांकडे गेलीस ना, तेव्हा आत जाऊन आले. म्हटलं, पू हान, विलायच्या तोनला काळी येऊ दे. मीपण नऊ माळा बोललेय. आता दोघंही सुटतात बघ."

विलाय पुढे सरकली. तिने खामपूनचं मनगट पकडलं.

"परत घे. आत्ताच्या आत्ता मागे चल आणि परत घे!"

"अगं, पण का?"

"विचारू नकोस! ज्याने बोललं त्यालाच परत घेता येतं. चल ना, तुझ्या पाया पडते, होडी फिरव!"

"वेड लागलं का तुला? तोनसाठीच मागितलंय. वाईट काय त्यात?"

न सांगावं तर तोन जातो, सांगावं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. पाणी चढत होतं, भिंतीवरचं शेवाळ बुडत होतं. शेजारच्या होडीतला म्हातारा पपया कापत होता. लुकने तेवढ्यात दोघींचा एक फोटोही काढला.

"पू हान उलट देतो," विलाय शेवटी म्हणाली. "शिपाई आहे तो. पलटणीतून सोड म्हटलं की धरतो. ज्याच्यासाठी मागू त्याला लाल येते."

खामपूनला समजायला जरा वेळ लागला. तिने आधी तोनचा विचार केला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "अरे देवा, मग मी तोनला..." आणि तिथेच ती थांबली. विलायकडे बघत राहिली.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होय."

"तुला ठाऊक होतं आणि तू फूमचं नाव घेतलंस."

"तो तोनच्या पुढे आहे रांगेत. पेटीत लालच उरल्यात गं, खामपून. मला माझा भाऊ दिसत होता, पेटीत हात घालताना. मला दुसरं काही दिसतच नव्हतं."

खामपून उठून मागे गेली, इंजिन सुरू केलं आणि त्या अरुंद जागेतच होडी फिरवली. बाकीचे होडीवाले शिव्या घालू लागले. पपयावाला म्हातारा ओरडला, "ए इसानवाली, डोकं फिरलं का?" दारवाल्याने बडबडत मागचं दार पुन्हा उघडलं. मार्लीनने विचारलं काय झालं, तर विलाय म्हणाली, काहीतरी विसरलंय. तिला वाटलं, आता दोघी जाऊ, दोघी परत घेऊ, मग खामपूनने मारलं तरी चालेल.

ठाण्यापाशी होडी लागायच्या आत विलायने धक्क्यावर उडी टाकली. आत जाऊन जमिनीवर कपाळ टेकलं. "मी बोलले ते परत घेते. माझी जीभ झडो, पण फूमला धरू नकोस." बाहेर येऊन बघते तो खामपून होडीतच बसलेली.

"चल ना! तुझं राहिलंय!"

"मी नाही येत."

"खामपून!"

"तू वाईट मागितलंस, तू परत घेतलंस. मी वाईट मागितलेलं नाही. तोनला मी या हातांनी भरवलंय. त्याच्यासाठी चांगल्या मनाने मागितलं, ते का परत घेऊ?"

विलाय धक्क्याच्या ओल्या लाकडावर बसली आणि तिने खामपूनचे पाय धरले. रडली, दोन शिव्या हासडल्या, पुन्हा रडली. खोलीच्या भाड्याचं बोलली, शाळेच्या नोंदीचं बोलली आणि बोलल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटून गप्प झाली. खामपूनने पाय सोडवूनही घेतले नाहीत. कालव्याकडे बघत बसून राहिली. मार्लीन नवऱ्याला हळूच म्हणाली, कॅमेरा खाली ठेव.

होडी पुन्हा दारातून पार झाली आणि कालव्यातून मोठ्या नदीत आली. नदीला लाटा होत्या. तिथे खामपूनचा फोन वाजला. पोरांबरोबर गेलेल्या तिच्या नवऱ्याचा होता. तिने इंजिन हळू केलं, ऐकलं, "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "रडू नका हो. त्याच्यासमोर तरी रडू नका." फोन खिशात ठेवून तिने पुन्हा वेग घेतला. कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

विलायचा फोन हातातच होता. तो वाजला आणि तिने कानाला लावला.

"आई! काळी! आई, ऐकतेस ना? काळी आली!" मागे केवढा कल्ला चालला होता. मग तोनचा आवाज खाली आला. "फूमला लाल आली, आई. माझ्या आधीच. मला मिठी मारून हसत होता गं तो."

"हं," विलाय म्हणाली. ज्या शब्दासाठी तिने सकाळपासून जिवाचं पाणी केलं होतं तो शब्द कानात पडला होता, आणि तिला साधं "बाळा" म्हणता आलं नाही. पोटात आनंदाचा जो गोळा उठला तो तिने तिथेच दाबून धरला. खामपूनकडे पाठ करून बसली होती तरी तिला सगळं कळलं असणार हे विलायला ठाऊक होतं.

फुलबाजाराच्या धक्क्यावर होडी लागली. एरवी खामपून होडीतच थांबायची, पाय पसरून डुलकी काढायची. आज तिने दोर बांधला, डोक्यावरची टोपी काढली आणि पाहुण्यांच्या मागून वर आली. विलायला वाटलं, आता ही भर बाजारात माझे वाभाडे काढणार. काढू दे, तिने मनाशी ठरवलं. मी मान वर करणार नाही.

बाजारात झेंडूचे ढीग, बर्फावर पसरलेली कमळं, पाण्याने निथळणाऱ्या ऑर्किडच्या जुड्या, आणि या सगळ्याच्या वर मोगऱ्याचा वास. खामपून एका माळवालीपुढे जाऊन उभी राहिली.

"नऊ दे," ती म्हणाली. "कालच्या नकोत. कळ्या घट्ट बघून दे."

विलाय पुढे झाली. "खामपून, काय करतेस?"

"माळा घेतेय."

"कशाला? कुणासाठी?"

"पू हानसाठी. तोन सुटला ना? बोलले होते मी. फेडायला नको?"

"मी घेते," विलाय घाईघाईने म्हणाली. तिच्या हातून पर्सची चेन उघडेना. "मी नेऊन वाहते. निदान एवढं तरी करू दे मला."

"तुला कसं चालेल?" खामपूनच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर विलायला सोसला असता. "बोललं त्यानेच फेडायचं. तूच शिकवलंस ना आत्ता. तू फूमसाठी बोलली होतीस, तो काही सुटला नाही. तुला काही फेडायचं नाही."

तिने एकेक माळ नाकाशी न नेता, वास न घेता, नीट पारखून हातावर घेतली. देवाला द्यायच्या फुलांचा वास आपण आधी घ्यायचा नसतो. नऊ झाल्यावर तिने पैसे दिले आणि पाहुण्यांना हात जोडले.

मार्लीनला त्या माळा फार आवडल्या. "किती सुंदर!" ती म्हणाली. "विलाय, विचारा ना त्यांना, कुणासाठी नेतायत?"

विलायने छत्री उघडली. सावलीत, छपराखाली, कारण नसताना उघडली आणि चेहऱ्यापुढे धरली.

"माझ्या मुलासाठी," तिने सांगितलं.

खामपून तोवर धक्क्याच्या पायऱ्या उतरून होडीत बसली होती. माळा चुरगळू नयेत म्हणून तिने त्या मांडीवर पसरल्या, एका हाताने इंजिन ओढून सुरू केलं आणि होडीचं तोंड कालव्याकडे वळवलं.