डोळे भरून

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ राहणाऱ्या त्या चित्रकाराचं नाव मी कधी विचारलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आईचं चित्र काढून घ्यायला मी तिला त्याच्याकडे नेलं होतं. त्याने तिला खिडकीशी बसवलं आणि कुंचला हातात न घेता मान कलती करून नुसता पाहत राहिला.

आई अवघडली. "काढा नं गा आता, नुसते काय पाहून राहिले?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, भावासंगं माहं भांडण होतं. एका घरात राहून आम्ही वर्षानुवर्षं एकमेकाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो गेल्यावर त्याचं चित्र काढाले बसलो, तर मले चेहराच आठवेना. तेव्हापासून लोकांची चित्रं काढतो. समोरच्या माणसाले डोळे भरून पाहून घेतो."

आईने डोक्यावरचा पदर मागे सारला, मान वर केली.

"पाहा," ती म्हणाली. "सावकाश पाहा."

त्या चित्रातली आई थेट समोर पाहते. घरात तिला असं पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं.