पहिल्या रविवारची साक्ष

आमच्या मेथडिस्ट मंडळ्यांत पाळकाची बदली झाली की नव्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी त्याला साक्ष द्यावी लागते. तू कुठला, कोणाचा, आणि प्रभूनं तुला या कामाला कसं बोलावलं, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. या बोलावण्याला आम्ही पाचारण म्हणतो. पुढची चार-पाच वर्षं रविवारचे संदेश कसेही द्या, लोक डुलक्या घेत ऐकून घेतात. पण पाचारण फिकं निघालं तर मंडळी कायमची नाराज. बल्लारपूरच्या म्हाताऱ्यांना माझ्या आधीच्या सगळ्या पाळकांची पाचारणं तोंडपाठ होती. एक आलापल्लीकडे लाकूड डेपोत कारकून होता, त्याला पाणवठ्यावर वाघानं पाहिलं आणि सोडून दिलं. एक रेल्वेत सांधेवाला, त्याला तापात दर्शन झालं. एक पक्का दारुडा, त्याच्या हातातली बाटली आपोआप फुटली. वाघाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. अहो, चंद्रपूर जिल्ह्यात जन्म काढून वाघ दिसला नाही तरच नवल!

पण मी कोण त्यांना नावं ठेवणार? माझी तर साक्षच खोटी होती.

मी सांगायचो ते असं. बाप माजरीच्या कोळसा खाणीत, मीही काही महिने खाली उतरलो. एकदा टोपीवरचा दिवा विझला आणि त्या काळ्याकुट्ट अंधारात आवाज आला, "लेकरा, ऊठ, माझ्या लोकांना उजेडात आण." दिवा विझला होता, हे खरं. आवाज आला, हेही खरं. फक्त तो सोबतच्या माणसाचा होता, आणि तो म्हणत होता, "अबे, कुठी मेला तू? चाल ना बाहेर!"

पाळक झालो तो एका मुलीपायी. नागभीडला एका लग्नात ती गाताना दिसली. तिचे वडील तिथल्या चर्चचे जुने प्रचारक. त्यांनी साफ सांगितलं, "पोरगी देईन तर पाळकाले देईन. कोळशावाल्याले नाई." झालं! दुसऱ्याच महिन्यात मी सेमिनरीचा, म्हणजे पाळकांच्या शाळेचा, अर्ज भरला. पुढे लग्न झालं, चर्च मिळालं, पहिला रविवार आला. समोर शंभरेक माणसं. यांना काय सांगू, मुलगी आवडली म्हणून आलो? तोंडातून खाण निघाली ती निघालीच.

घरी आल्यावर बायको पोट धरून हसली. "काऊन हो, देव तुमाले अबे म्हणाला का?" मग डोळे पुसून म्हणाली, "खरं सांगाले काय जाते तुमचं? मी का एवढी वाईट आहो?"

"पुढच्या चर्चमध्ये सांगीन," मी म्हणालो.

चार चर्चं झाली. दरवेळी मी तेच म्हणालो आणि दरवेळी खाणीतच उतरलो. ती पहिल्या बाकावर भिंतीकडे बसायची. मी 'अंधारात आवाज आला' म्हटलं की पदर तोंडाला लागायचा आणि खांदे हलायचे. लोकांना वाटायचं, पाळकीणबाई रडत आहेत.

पाचवी नेमणूक नागभीडची, म्हणजे तिच्या माहेरची. तिचे वडील तेव्हा नव्हते. ती म्हणाली, "इथी तरी खरं सांगा. इथी माह्या बाबाची कबर आहे." मी हो म्हणालो. रविवारी उभा राहिलो आणि पुन्हा खाणच सांगितली. त्या दिवशी मंडळी फार गंभीर बसली होती, कोणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, काय रंगली आज साक्ष!

तिसऱ्या वर्षी ती गेली. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. रेल्वे फाटकापलीकडच्या कब्रस्तानात, तिच्या बाबांच्या शेजारी तिला ठेवलं. पुढच्या वार्षिक परिषदेत बिशप साहेबांनी नेमणुकांची यादी वाचली, त्यात मला बल्लारपूर आलं. यादी वाचताना कोणी हूं की चूं करायचं नसतं. मीही केलं नाही. पाळकाची बदली होते, कबरीची होत नाही.

बल्लारपूरच्या पहिल्या रविवारी मी 'अंधारात' या शब्दापर्यंत आलो आणि सवयीनं डोळे पहिल्या बाकाकडे गेले. तिथे एक अनोळखी बाई गीतांच्या पुस्तकानं वारा घेत होती. मी साक्ष तिथेच आवरली आणि प्रार्थनेला डोळे मिटले. उपासना संपल्यावर लोक हात हातात घेऊन म्हणाले, "आत्म्यानं भरून आले आज पाद्री साहेब." मी मान हलवली आणि घरी जाऊन कालचा भात तसाच थंड खाल्ला. काऊन हो, असं विचारणारं आता कोणी नव्हतं. इतका एकटा मी खाणीतही नव्हतो.

सोमवारी पाळकाला सुटी. मी गाडीनं नागभीडला जायचो, कबरीवरचं गवत उपटायचो आणि परत यायचो. तिला दिलेला शब्द तेवढा राहिला होता, आणि तो तिथे बसून पुटपुटल्यानं पुरा होणार नव्हता. तो उभं राहून, मंडळीसमोरच पुरा व्हायला हवा होता.

निवृत्तीला एक वर्ष उरलं तेव्हा मी अधीक्षक साहेबांकडे नागभीड मागितलं.

"तिथी तर पुरती बारा घरंबी नाई राह्यली," ते म्हणाले. "पाचारण आहे काय तिथलं?"

"नाई साहेब. एक काम राह्यलं आहे."

नागभीड मागणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मिळालं.

त्या रविवारी तीस-एक माणसं होती. माझी साक्ष त्यांनी आधी ऐकलेली, पण रीत ती रीत. मी उभा राहिलो. म्हणालो, "खाणीत मले देवाचा आवाज आला नाई. मी तुमच्या गावच्या पोरीसाठी पाळक झालो. हे तुमच्यासमोर सांगीन, असा तिले शब्द देला होता. मी सांगतलं नाई."

मग मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. बायकोची चुलती.

"आमाले मालूम आहे, पाद्री साहेब," ती म्हणाली. "तुमी इथी पहिल्यांदा साक्ष देली ना, त्याच्या आदल्या दिवशी बायांच्या प्रार्थना सभेत तिनं सारं सांगतलं. म्हणे, ते उद्या खाणीचंच सांगतीन, कोणी हासू नका, त्याईले लाज वाटन. घरच्या माणसाईलेबी सांगून ठेवा. बायबलवर हात ठेवाले लावला आमाले. लई कठीण गेलं बापा!"

आधी एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग सगळी मंडळीच हसायला लागली, माणसं, बाया, पेटीवाला, सगळे. इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं हसू ते. मीही हसलो. हसता हसता पहिल्या बाकाकडे पाहिलं. भिंतीकडची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती.