हरिचंद्राची काच

खरवईच्या हरिचंद्राला राग यायला फार काही लागत नसे. क्लॅरिओनेटचं माउथपीस कुणी दारातल्या फरशीवर घासलंय एवढं कळलं की पुरे. बँडवाले हा उद्योग सर्रास करत, का करत ते देव जाणे! ओठांत धरायचा तो काळ्या कडक रबराचा तुकडा. त्याच्या सपाट बाजूवर फुंकर लागताच थरारणारी पत्ती बांधतात. ती बाजू टोकाकडे इतकी किंचित वळत जाते की डोळ्याला दिसत नाही, आणि सगळा सूर त्या वळणावर असतो. ते वळण कुठून सुरू होतंय हे न मापता त्यावर कानस चालवायची? नाडी न बघता पोट फाडण्यातलाच प्रकार. हरिचंद्राच्या तळपायाची आग मस्तकात जाई, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं.

अंबरनाथच्या एका कारखान्यात तो फिटर होता. सुटीच्या दिवशी बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायला ओटीवर जाड काच मांडून बसे. माउथपीस काचेवर पालथं ठेवायचं, पोलादाची पातळ पाती टोकाकडून खाली अलगद सरकवायची, जिथं अडेल तिथं काचेवर खूण करायची. पातीला जरा जोर लागला तर माप खोटं येतं, म्हणून त्या वेळी ओटीवर कुणी बोलायचं नाही असा त्याचा दंडक. त्याची बायको सगुणाबाईसुद्धा अंगणातून हातवारे करून जेवायला बोलवी. बदलापूरच्या बँडातला सखा एकदा "उकडतंय फार" एवढंच बोलला, तर त्याला माउथपीससकट अंगणात काढलं.

लगीनसराईच्या तोंडावर उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून टोपणदास आला. फाळणीत सिंधातलं शिकारपूर सोडून आलेला हा बँडमास्तर. त्याच्या क्लॅरिओनेटच्या सांध्यावरचं बूच सैल झालं होतं, ते तेवढं बदलायचं होतं. पण हरिचंद्राने सवयीने माउथपीस काचेवर ठेवलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. उजव्या कडेखाली पाती चांगली आत गेली, डावीकडे लवकरच अडली.

"कुठल्या गाढवानं घासलंय हे?"

"हरीभाई, सुनो, वो..."

"चूप! माप चाललंय."

"लेकिन वो तो मेरे..."

"मास्तर, आधी अंगणात जा!"

टोपणदास अंगणात गेला आणि सगुणाबाईने दिलेला चहा घेऊन चिंचेखाली बसला. हरिचंद्राने पुन्हा मापलं, काच फिरवून मापलं. माप तेच. मग काचेवर बारीक पॉलिशकागद ठेवून त्याने डावी कड हलक्या हाताने उतरवत आणली, मधूनमधून पाती घालून पाहिली. अखेर पाती दोन्हीकडे एकाच खुणेवर अडली. स्वतःवर खूश होऊन त्याने नवं बूचही बसवलं.

टोपणदासने वाजवून पाहिलं. वरच्या सुरात जे आजवर चिरकायचं, बँडातली माणसं ज्याला हसायची, ते लख्ख वाजलं. तो मधेच थांबला आणि त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"अच्छा है," तो म्हणाला. "पर ये अब भाईसाहब का नहीं रहा."

भाईसाहब म्हणजे त्याचा मोठा भाऊ, मोटूमल. लहानपणी त्याचा ओठ फाटला होता, तो वेडावाकडा शिवलेला. त्या ओठाला बसेल अशी कड त्याने शिकारपुरात स्वतःच्या हाताने घासून घेतली होती. कॅम्पाच्या बराकीत पहिल्याच हिवाळ्यात तो वारला. टोपणदासच्या सरळ ओठात माउथपीस चिरकायचं, आणि तो ते चिरकू द्यायचा.

हरिचंद्र उसळला. "मंग आधी सांगायला काय झालेलं तुला?"

"मैं बोल रहा था, हरीभाई. तुम बोले, चूप."

टोपणदास हात जोडून निघून गेला. काचेवर आधीच्या दोन खुणा तशाच होत्या, एक पुढे, एक मागे. माप अगदी बरोबर होतं. उतरवलेलं रबर मात्र परत चिकटत नाही. हरिचंद्र दिवसभर सगुणाबाईवर चिडला, टोपणदासवर चिडला, मग स्वतःवर चिडला, आणि तो शेवटचा राग काही उतरेना.

पुढच्या रविवारी सखा आला. माउथपीस मुकाट पुढे ठेवून, तोंडावर बोट धरून अंगणाकडे वळला.

"कुठं चाललास?" हरिचंद्र ओरडला. "बस इथं! कुणाचं होतं हे? कसा वाजवायचा तो? बोल ना रं, गप काय उभा राहिलास!"

सखा बोलेपर्यंत पाती डबीतून बाहेर निघाली नाही.