पाहुणे, ज्यांच्यातले निम्मे जेवून आले होते

अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि त्यासाठी घरचे पाहुणे वापरायचे. वापरायचे हाच शब्द बरोबर आहे. मंगळवेढ्याच्या बाजूला आमचं गाव. तिकडच्या कोणाला सोलापुरात दवाखाना असो, कोर्ट असो, नाहीतर नुसती शेवटची एसटी चुकलेली असो, मुक्काम आमच्या दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत संध्याकाळी अण्णांची शिकवणी चालायची. मुलंमुली बहुतेक विणकरांच्या घरची. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि अण्णांच्या पुढ्यात इंग्रजी, असा त्यांचा दिवस तीन भाषांत जायचा. पाहुणे भिंतीला टेकून बसायचे आणि अण्णा हातातला खडू त्यांच्याकडे रोखायचे.

त्यांचा एक लाडका धडा होता. माणसांचा एक गट सांगायचा आणि त्याच वाक्यात त्या गटातल्या काहींबद्दलच बोलायचं. मराठीत आपण म्हणतो, पाहुणे आले, त्यांच्यातले निम्मे जेवून आले होते. दोन वाक्यं शेजारी शेजारी बसतात, कोणाची हरकत नसते. इंग्रजीत तसं चालत नाही, अण्णा सांगायचे. तिथं स्वल्पविराम द्यायचा आणि ‘हाफ ऑफ हूम’ म्हणून दुसरं वाक्य पहिल्याच्या शेपटीला बांधायचं. ‘देम’ लिहिलंत तर पूर्णविराम द्या, नाहीतर मध्ये ‘अँड’ घाला. नुसत्या स्वल्पविरामावर भागवायचं असेल तर ‘हूम’च हवं. आणि ‘ऑफ’नंतर ‘हू’ लिहिणाऱ्याने उद्यापासून दारात येऊ नये. लिहायचे बरेच जण आणि दुसऱ्या दिवशी यायचे सगळेच.

उदाहरणं भिंतीपाशी तयार बसलेली असायची. फळ्यावर वाक्य पडायचं, ‘आय हॅव सेव्हन कझिन्स, फोर ऑफ हूम फेल्ड इन मॅट्रिक अँड ऑल ऑफ हूम गिव्ह ॲडव्हाइस.’ समोरचे चुलतभाऊ कौतुकाने माना डोलवायचे. आपल्यावर शहरात धडा निघतो, याचा त्यांना अभिमान होता.

एकट्या आत्याला संशय यायचा. अण्णांच्या पाठची ही बहीण माढ्याकडे दिली होती. ती आली की चार दिवस राहायची.

“दादा, माज्याकडं बगून काय लिवलंस?”

“काही नाही, व्याकरण आहे.”

“व्याकरण आसंल तर पोरं हसत्यात कशाला?”

त्या दिवशी वाक्य होतं, माझ्या बहिणी, ज्यांच्यातली एक घोरते. एका मुलीने शंका काढली, “सर, तुम्हाला तर बहीण एकच आहे.” अण्णा म्हणाले, “रात्री येऊन ऐक. चार-पाच आहेत असं वाटेल.”

थट्टा असली तरी त्यामागे त्यांचा एक हट्ट होता. सगळ्यांबद्दल एकदम बोलणं त्यांना आळशीपणाचं वाटायचं. “गावाकडची माणसं चिकट असतात,” असं आई एकदा म्हणाली, तर त्यांनी ताटावरून मान वर करून विचारलं, “सगळी? बहुतेक? की माझीच?” आईने आमटी वाढली.

मार्चच्या सुरुवातीला अण्णा गेले. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. माझी मॅट्रिक तोंडावर आली होती. दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिला पेपर होता.

मला भाऊ नाही, त्यामुळे डोकं काकांनी भादरलं आणि त्यासोबत घराचा कारभारही त्यांच्याकडे आला. काका अण्णांचे धाकटे भाऊ, आत्यापेक्षाही लहान. त्यांनी जाहीर केलं, “दहाव्याचा घाट सोडला तर तेराव्यापतोर पोरीनं उंबरा वलांडायचा न्हाय. अपशकुन हाय त्यो. आन् वर्षाच्या आत हिचं लगीन उरकायचं, न्हायतर तीन वर्षं थांबावं लागतंय.”

“अन् परीक्षा?” आईने कसंबसं विचारलं.

“आक्टोबरला बसंल की. आन् बसून तरी काय वैनी, नवऱ्याला इंग्रजीत च्या देनार हाय का?”

ऑक्टोबरपर्यंत मी कोणाच्या तरी चुलीपुढे असणार, हे मला कळत होतं आणि काकांनाही. पण बोलण्याची मला सवयच नव्हती. आमच्या घरी बोलायचं काम अण्णांकडे होतं. मी स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे बसून वाचत राहिले. रडू यावं म्हणून बसले की यायचं नाही आणि पुस्तक उघडलं की यायचं.

दहाव्याला तळ्याकाठच्या घाटावर गेलो. पिंड मांडला, त्यावर दही-भात घातला आणि सगळे मागे सरलो. आता कावळा शिवायचा. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं धरायचं, मग कोणीतरी पुढे होऊन ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. कावळा होता. समोरच्या लिंबाच्या फांदीवर बसून तो आमच्याकडे बघत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

चुलतभावांतला एक हात जोडून म्हणाला, “दादा, बांदाचं भांडान मिटवतो.” कावळ्याने चोच फांदीला घासली. दुसरा म्हणाला, “मी तंबाखू सोडतो.” कावळ्याने पाठ फिरवली, त्या भावाला तो माझ्याइतकाच ओळखत असावा. अण्णांच्या शाळेतले एक सर पुढे झाले आणि इंग्रजीचा निकाल सुधारण्याचं आश्वासन देऊन मागे आले. ऊन चढत होतं. चपला वर काढून ठेवलेल्या, घाटाची फरशी तव्यासारखी झालेली. गुरुजींना पलीकडच्या पायरीवर दुसरा दहावा होता. ते दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून काम उरकून घ्यायच्या विचारात होते.

तेव्हा काका पुढे झाले. घसा साफ करून म्हणाले, “दादा, पोरीचा घोर करू नगा. वर्षाच्या आत उजवतो तिला.”

त्यांचं ‘उजवतो’ तोंडात असतानाच आत्या मागून ओरडली, “आरं दादा, ये की! उद्या पोरगी पेपरला जानार हाय, मी नेनार हाय तिला!”

आणि कावळा आला. दही-भातात चोच खुपसून, मोठा घास घेऊन गेला.

मग काका डोळे पुसत म्हणाले, “बगा, लग्नाचं बोललो तवा शिवला.”

“तुजं बोलून झालं हुतं,” आत्या म्हणाली. “मी बोलले तवा त्यो उटला.”

“आक्का, उटन्याला काय हाय? शिवला कवा ते बगायचं.”

“उटल्याबिगर शिवतोय व्हय रं? तुजा कावळा चालत आला का?”

साक्षीपुरावे सुरू झाले. मी अण्णांच्या पद्धतीने त्या घोळक्याकडे बघत होते. घाटावर जमलेले आप्तेष्ट, ज्यांच्यातले बहुतेक पाय भाजतात म्हणून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते, ज्यांच्यातल्या फार थोड्यांचं कावळ्याकडे लक्ष होतं आणि जे सगळेच्या सगळे आता साक्ष देत होते. मला हसू आलं. वडिलांच्या दहाव्याला हसणारी मुलगी कोणाला दिसू नये म्हणून मी पदर तोंडावर घेतला. बायकांना वाटलं हुंदका आवरतेय. एकीने पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मात्र खरंच रडू आलं.

शेवटी काकांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी सामान बांधत होते. “दोघांनी शब्द दिलाय ना? दोन्ही पाळा,” एवढं बोलून ते पलीकडच्या दहाव्याकडे गेले.

“व्हय की,” आत्या म्हणाली. “पेपर उद्या हाय. लगीन वर्षात हाय. उद्या आदी येतो का वरीस आदी येतं, सांग की.”

स्वतःचा शब्द काकांनी मनापासून पाळायचा प्रयत्न केला, हे इथेच सांगून टाकते. वर्षभर ते स्थळं आणत होते. पण तोवर मी कॉलेजात जायला लागले होते आणि कॉलेजात जाणारी सून त्यातल्या कोणालाच नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला घेऊन निघाली. केंद्राच्या फाटकाशी ही गर्दी. कोणाची आई लेकाला दही-साखर भरवत होती, कोणाचे वडील शेवटची सूत्रं म्हणून घेत होते. आम्ही पोचतो न पोचतो तोच रस्त्याच्या वळणावर काका दिसले. घाईघाईने येत होते, भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं. आत्याने माझा दंड घट्ट धरला. मला परत न्यायला आले आहेत, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

ते फाटकापाशी पोचलेच नाहीत. दही भरवणाऱ्या बाईने त्यांना पाहिलं आणि लेकाच्या डोळ्यांवर हात ठेवला. “अवो, बाजूला व्हा की! पोरांचा पेपर हाय आन् सकाळ सकाळी सुतक्याचं तोंड?” दुसरे एक गृहस्थ आडवे आले. “काका, तुमचं दुःख समजतं, पण तिकडं जाऊन उभे राहा जरा.” तिसऱ्याने तर त्यांना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं आणि पानपट्टीच्या आडोशाला उभं केलं. पहिल्यांदा काका अवाक झाले, मग रागावले, मग तिथेच उभे राहिले. अपशकुन म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“जा आता तू,” आत्या मला म्हणाली. “मी बगते त्याच्याकडं.”

माझी बाकाची जागा खिडकीशी होती. तिथून रस्ता दिसत होता. आत्या पदर खोचून पलीकडे गेली, काकांशी हातवारे करून बोलली. मग दोघं पानपट्टीच्या पायरीवर बसले. आत्याने फडकं सोडलं, कडक भाकरी मोडली आणि मोठा तुकडा काकांच्या हातात दिला. काका खात खात भांडत होते. मधेच त्यांनी शाळेकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि आत्याने मान हलवली. काका हसले की तोंडात घास होता, ते तेवढ्या लांबून मला कळलं नाही. पर्यवेक्षकांनी माझ्यापुढे पेपर ठेवला आणि मी खिडकीकडून मान वळवली.