आमचा कुत्रा चावतो

आमचा कुत्रा चावतो. हे वाक्य मी आता लिफ्टमध्ये, मार्केटमध्ये, कुठेही खणखणीत आवाजात म्हणते. पण ते तोंडातून निघायला मला वर्ष लागलं.

बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून त्याला सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटवर आणला, तेव्हा शेल्टरच्या बाईंनी बजावलं होतं, "डोक्यावर हात आला की हा घाबरतो आणि घाबरला की चावतो." सासूबाई आमच्याजवळच असतात. त्यांनीही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "घरच्या माणसाला दात लागला, की हे कुत्रं बाहेर." मी दोघींपुढे मान डोलावली आणि विसरले. कारण मला मिरवायचं होतं, दुसरं काय! रस्त्यावरचं भेदरलेलं कुत्रं मी कसं माणसाळवलं, हे आमच्या इमारतीला, अख्ख्या ब्लॉकला दिसायला हवं होतं. कुणी विचारलं, "हात लावू का?" की मी लगेच, "लावा ना, काही करत नाही तो!" त्याचे कान मागे जायचे, अंग आखडायचं. मी पट्टा घट्ट धरून आपली हसत उभी.

एकदा सातव्या मजल्यावरच्या चिनी आजींनी त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि त्यानं त्यांचं मनगट पकडलं. रक्त आलं नाही, पण दातांचे वळ उठले. मी बेसनाचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. आजी म्हणाल्या, "तो बिचारा सांगत होता गं. तूच सांगितलं नाहीस." तक्रार केली नाही त्यांनी. पण मला माझीच अशी चीड आली, की विचारू नका. चारचौघांत शाबासकी मिळावी म्हणून मी त्याला रोज भीतीत उभं करत होते.

मग मी नाही म्हणायला लागले. लोकांचे चेहरे पडायचे. "मग पाळायचा कशाला?" असं एकानं तोंडावर विचारलं. "तुमच्यासाठी नाही पाळलेला," मी म्हटलं. हळूहळू कुत्रा माझ्या शेजारून सैल पट्ट्यानं, ऐटीत चालायला लागला.

खरी पंचाईत घरातच झाली. नणंद आणि तिचे यजमान पुण्याहून आले. जावई येणार म्हणून सासूबाईंची चार दिवस आधीपासून लगबग. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धतच नाही. कुत्र्याला मी आतल्या खोलीत ठेवलं होतं, पण संध्याकाळी फिरायला नेताना हॉलमधून न्यावाच लागला.

भावोजी सोफ्यावरून उठलेच. "वहिनी, मला कुत्री काही करत नाहीत हं."

"भावोजी, हात नको. चावतो तो."

"अहो, मी काय परका आहे?"

"त्याला परकेच तुम्ही."

नणंदेचा चेहरा उतरला. माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, धन्य तो माणूस! भावोजी हसत वाकले, हात सरळ त्याच्या डोक्याकडे. त्याचे कान मागे गेले. एक क्षण उशीर झाला असता तर दात लागले असते, आणि मग त्याला या घरात कुणी ठेवू दिलं नसतं. मी मध्ये शिरले आणि भावोजींचं मनगट धरलं. जावयाचं मनगट, सगळ्यांसमोर!

सासूबाई श्रीखंडाची वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता माझी काही धडगत नाही, असं मला वाटलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ती नाही म्हणतेय ना? बसा खाली. कुत्र्यातलं तिला कळतं."

भावोजी बसले. सासूबाई माझ्याकडे वळल्या, "आणि तू जा गं, त्याला ने. खोळंबलाय तो."

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत जावयासमोर त्यांनी माझी बाजू घेतली, ती त्याच दिवशी. लिफ्टमध्ये मला रडू आवरेना. पण खाली उतरले तेव्हा माझ्यासारखी ताठ बाई अख्ख्या ब्लॉकमध्ये नव्हती.