रहोबोथ नावाची विहीर आणि माझा अंगठा

सोनारीला निघाले ते भैरोबासाठी न्हाय, संशयापायी. तिथं माझा माहेरचा दोन एकर माळ आहे, माझ्या नावावर. शेजारचे शांतवन गुरुजी म्हणतात, आम्हाला वाटेपुरती पट्टी द्या, बदल्यात आमच्या विहिरीत निम्मा वाटा घ्या. पोरगा भागवत लगेच राजी. पण त्या विहिरीवर ‘रहोबोथ’ कोरलंय म्हणे, आणि अर्थ कुणालाच ठाऊक न्हाय. शिकलेले न वाचता सह्या ठोकतात. मला अक्षर येत न्हाय, म्हणून मी इचारते.

भागवतला संगं घेतलं. आमच्या तेरखेड्याहून थेट गाडीची वाट बघू नका. भूमला उतरा, खव्याचा पेढा खा, परांड्याची एसटी धरा, पुढं काळी-पिवळी. पंचाहत्तरीपुढं एसटीला तिकीट न्हाय, तरी कंडक्टरनं आधार मागितलं. म्हटलं, एवढं तोंड दाखवलं, ते पुरंना व्हय? शेजारच्या बाईला नावाचा अर्थ इचारला, तर म्हणाली बियाण्याची कंपनी असंल. माझा संशय वाढला.

सोनारीत वानरं हातातला नारळ पळवतात, पदराखाली धरा. दर्शन उरकून आम्ही रानात गेलो.

गुरुजींनी चहा दिला, अर्थ सांगितला. शब्द इब्री भाषेतला. त्यांच्या बायबलातल्या एका मेंढपाळानं विहीर खणली, तर लोक भांडले. तिचं नाव पडलं भांडण. दुसरी खणली, तिच्यावरही तंटा. तिचं नाव वैर. तिसरीवर कुणी आडवं आलं न्हाय. तिला म्हणाला रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

गोष्ट ग्वाड होती. पण म्या तोवर विहिरीत वाकून पाइप मोजले होते. वाटेकरी किती, हे सातबारा सांगत न्हाय, पाइप सांगतात. पाइप दोन होते.

“गुरुजी, ही तिसरी, मग तुमच्या पहिल्या दोन कुठायत? आणि हा दुसरा पाइप कुणाचा?”

गुरुजींनी कप खाली ठेवला. बांधापल्याडच्या दोन्ही विहिरींवर सख्ख्या भावाशी भांडण झालं, म्हणाले. दोन्ही त्याला सोडल्या, तर दोन्ही आटल्या. आता तो गुपचूप इथलंच पाणी नेतो, आणि गुरुजी नेऊ देतात.

भागवत तापला. “मग आमचा निम्मा वाटा कसला? हे आधी का सांगितलं न्हाय?”

“लाज वाटली, बाबा. कागदावर त्याचं नाव न्हाय. पण त्याला तोडलं, तर दगडावरचं हे नावच पुसावं लागंल.”

भागवत उठून चालायला लागला. मी बसूनच राहिले. लपवणारा माणूस मला आवडत न्हाय. पण वैऱ्याला पाणी देऊन लपवणारा म्या पहिल्यांदाच पाहिला.

“बस रं,” म्हटलं. “गुरुजी, भावाला बोलवा. त्याची पाळी कागदात लिहा. मंग माझा अंगठा.”

भाऊ आला. दोघं एकमेकांकडं न बघता बसले, पण बसले.

कागद घरी आला, तेव्हा तिघांकडून वेगवेगळा वाचून घेतला. नातीला खालून वर वाचायला लावला. तिन्ही वेळा तेच निघालं, तेव्हा शाई लावली. आता आठवड्यात तीन दिवस पाणी आमचं, तीन दिवस गुरुजींचं, एक दिवस त्या भावाचं.

तिसरीवर कुणी भांडलं न्हाय म्हणे. बघू. उन्हाळा अजून यायचाय.